जुनी पिकअप ओढत नाही: सेन्सर विकत घेण्याआधी काय मोजायचं

सोयाबीनचे वीस-बावीस कट्टे भरले की सपाटीला नीट चालणारी पिकअप चढाला लागताच बसते. चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा, आणि वर चेक लाईट. पुढचा क्रम ठरलेला असतो. स्कॅनर लागतो, कोड निघतो, कोडात ज्या सेन्सरचं नाव आलं तो बदलला जातो. दोन दिवस बरे जातात आणि लाईट परत लागते.

असं होतं कारण कोड पार्टचं नाव सांगत नाही. अमुक वायरवर अपेक्षेपेक्षा कमी किंवा जास्त व्होल्टेज दिसलं, किंवा मागितलेलं प्रेशर मिळालं नाही, एवढंच ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) नोंदवतो. वायर तुटली असेल, कपलरच्या पिना हिरव्या पडल्या असतील, अर्थिंग गेलं असेल किंवा सेन्सर खरं बोलत असेल आणि प्रेशरच खरोखर कमी असेल, तरी कोड बहुतेक वेळा तोच येतो. म्हणून एक साधा डिजिटल मल्टीमीटर आणि चालू रीडिंग दाखवणारा स्कॅनर एवढ्यावर बरंचसं निदान होतं.

आधी इंजिन कुठल्या जातीचं ते बघा. नोजलच्या, म्हणजे इंजेक्टरच्या, डोक्यावर दोन पिनांचा कपलर असेल तर ते कॉमन रेल: सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाईपातून (रेल) डिझेल मिळतं. नुसता स्टीलचा पाईप असेल तर मेकॅनिकल पंपाचं. धुराच्या सरकारी नियमांपैकी बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून लागू झालं. बीएस-४ आधीच्या पिकअपमध्ये दोन्ही जाती सापडतात. मेकॅनिकल पंपवाल्या गाडीत सेन्सरच्या मागे लागण्यात अर्थ नाही, तिथे इंजिनची ताकद ठरवणारा सेन्सर नसतोच. शिवाय जुन्या कॉमन रेल गाड्यांना ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर कधी जोडला जातो, कधी नाही. जोडला नाही म्हणजे ईसीयू गेला असं समजू नका, कंपनीनिहाय सॉफ्टवेअर असलेला स्कॅनर लावून बघा.

बॉनेट उघडण्याआधी दोन तपासण्या. ब्रेक जाम असला तर इंजिन बिचारं ओढत असतं आणि दोष त्याच्यावर येतो. पाच-सहा किलोमीटर ब्रेकचा कमीत कमी वापर करून चालवा, मग प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात न्या. एक हब बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागला तर लायनर किंवा कॅलिपर अडकलेला आहे. क्लचसाठी रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरला ३०-३५ च्या स्पीडला पूर्ण रेस द्या. इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी तिथेच राहते, तर प्लेट घसरते आहे. रेसचं पॅडल खाली पूर्ण जातं का, हेही बघून घ्या. वर टाकलेली जाड रबरी मॅट पॅडलखाली दुमडली की ऐंशी टक्क्यांवरच ते टेकतं. हसू येईल, पण गॅरेजमध्ये हे दिसतं.

आता धूर. भार असताना सायलेन्सरमधून काळा धूर म्हणजे डिझेल जातंय, हवा कमी पडते. निळा म्हणजे ऑईल जळतंय, टर्बोचं (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं) सील किंवा पिस्टनच्या रिंगा. इंजिन तापल्यावरही पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही: इंजेक्टर, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन. आणि धूर अजिबात नाही, तरी गाडी ओढत नाही, तेव्हा एकतर डिझेल पोचत नाही किंवा ईसीयू मुद्दाम कमी देतो. या शेवटच्या प्रकारात एअर फिल्टर बदलून काही होत नाही, सरळ डिझेलची लाईन आणि सेन्सरकडे वळा.

काळा धूर असेल तर हवेच्या वाटेला लागा. मळणीच्या दिवसांत मशीनजवळ उभी राहणारी गाडी आणि जिनिंगला कापूस टाकणारी गाडी, दोघींचा फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरची वाट बघत नाही. फिल्टर जमिनीवर आपटू नका, कागदाच्या घड्या चिकटलेल्या जागी फाटतात. हवा मारायची तर आतून बाहेर, दोन बारच्या आसपास, नळी लांब धरून. नंतर आत टॉर्च लावून अंधारात बघा. उजेड सगळीकडे सारखा झिरपला पाहिजे. एखाद्या जागी ठळक ठिपका दिसला तर तिथे छिद्र आहे, तो फिल्टर टाकून द्या. त्यातून गेलेली धूळ आधी टर्बोची पाती खाते आणि मग सिलिंडरचे लायनर.

फिल्टरनंतर होज पाईप. फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या पाईपात हवा ओढली जाते. तो नरम पडला असेल तर जोराच्या रेसला आत चपटा होतो आणि इंजिन बंद केल्यावर परत गोल, त्यामुळे उभ्या गाडीत काहीच दिसत नाही. एकाला रेस द्यायला बसवा आणि दुसऱ्याने पाईपकडे बघा. टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतच्या (हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या भागापर्यंतच्या) पाईपात उलटं, दाब आतून बाहेर असतो. इथली चीर बहुधा खालच्या अंगाला, क्लॅम्पच्या कडेला असते आणि दाब चढल्यावरच उघडते. खूण एकच: त्या जागी ऑईलच्या ओलसर पट्ट्यावर धूळ बसून काळा लेप झालेला असतो. पाईप काढून चिरेच्या दोन्ही बाजूंनी वाकवला की ओठ उघडल्यासारखी फट दिसते. साबणाच्या पाण्याने तपासायचं तर आत जास्तीत जास्त एक बार हवा सोडा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची पूर्ण हवा सोडलीत तर चांगले पाईपही निघतील. आणि इंटरकूलरच्या पाईपात ऑईलचा पातळ थर असतोच, तेवढ्यावरून टर्बो गेला असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. टर्बोची दांडी बोटाने हलवा: आडवी किंचित हलली तर चालेल, पुढे-मागे जाणवण्याइतकी सरकली किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असल्या तर टर्बो उतरवावा लागेल. वेस्टगेटची (टर्बोचा जास्तीचा दाब आवरणाऱ्या झडपेची) दांडी गंजून उघडी अडकली तरी बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, येत नाही. ती हवेच्या हातपंपाने मागेपुढे सरकते का, ते दोन मिनिटांत कळतं.

मेकॅनिकल पंपवाल्या टर्बो गाड्यांपैकी काहींत मॅनिफोल्डपासून पंपाच्या डोक्यावर एक बारीक नळी जाते. बूस्ट वाढला की तिच्यातून दाब जाऊन पंप डिझेल वाढवतो. ती नळी तडकली, किंवा आतला पडदा फाटला, की टर्बो ठणठणीत असूनही गाडी ओढत नाही आणि धूरही देत नाही. पंप लॅबला नेण्याआधी ही नळी बघायची राहून जाते.

डिझेलची बाजू. शेतात ड्रममध्ये भरून ठेवलेलं, कॅनने ओतलेलं डिझेल पिकअपच्या टाकीत गेलं की पाणी आणि गाळ बरोबर येतो. फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली वेगळं बसतं. फिल्टर नवा टाकूनही फरक नसेल तर टाकीची जाळी आणि लाईन यांच्यावर संशय घ्या. खात्रीचा उपाय असा: पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये ताजं डिझेल घ्या, फिल्टरकडे जाणारी नळी आणि रिटर्नची (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी) नळी दोन्ही त्यात सोडा, कॅन नीट बांधून थोडं चालवून बघा. गाडी ओढायला लागली तर दोष टाकी ते फिल्टर याच टप्प्यात आहे. हवा घेते का हे बघायला फिल्टर आणि पंपाच्या मधे फूटभर पारदर्शक नळी घाला. इंजिन चालू असताना त्यात बुडबुडे सतत येत राहिले तर कुठल्यातरी जोडातून हवा येते आहे. डिझेल बाहेर गळत नाही म्हणून जोड चांगला, असं नाही. तिथे ओढ असते, त्यामुळे हवा आत येते आणि बाहेर थेंबही दिसत नाही.

इथे एक धोका. मेकॅनिकल पंपाच्या गाडीत एअर काढायला नोजलच्या पाईपाचा नट सैल करायची सवय सगळ्यांना असते. कॉमन रेलवर इंजिन चालू असताना तो नट कधीही सैल करू नका. आयडलवरच (रेस न देता इंजिन चालू असताना) तिथे २५० ते ३५० बार असतो, भाराला १००० च्या वर जातो. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते आणि जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी हात गमवायची पाळी येते. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवा, बोट नाही.

कॉमन रेलमध्ये सगळ्यात कामाचं रीडिंग म्हणजे रेल प्रेशरचे दोन आकडे शेजारी-शेजारी: ईसीयूने मागितलेलं आणि प्रत्यक्ष मिळालेलं. उभ्या गाडीत हे बघून काही कळत नाही. भार घालून, चढाला, शेजारी माणूस बसवून बघा. चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना किंवा मांजरसुंब्याच्या घाटात पाच मिनिटांत जे दिसतं ते गॅरेजात दिवसभर दिसत नाही. मागणी १२०० आणि मिळालेलं ११८० असं जवळजवळ चाललं तर डिझेलची बाजू बरी. मागणी चढत जाते, मिळालेलं ९०० वर अडकतं आणि काही सेकंदांत गाडी एकदम बसते, तर तुम्ही पी-००८७ हा कोड जन्माला येताना बघताय: रेल प्रेशर कमी. यावर सेन्सर बदलणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. आधी फिल्टर, मग हवा, मग पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा), मग इंजेक्टरचं रिटर्न, आणि सगळ्यात शेवटी पंप.

रिटर्न तपासायला चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडा आणि इंजिन आयडलवर दोन-तीन मिनिटं चालवा. चौघांत थोडाफार फरक असतोच. एकाने बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल सोडलं तर तोच दाब खातोय. सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागत असेल तर सेल्फ मारतानाचं प्रेशर बघा. साधारण २०० बारपर्यंत पोचलं नाही तर बहुतेक ईसीयू इंजेक्टर उघडतच नाहीत.

प्रेशर कमी असल्याचा कोड आणि सेन्सरच्या वायरचा कोड यांतला फरक ओळखला की अर्धं काम झालं. पी-०१९२ आणि पी-०१९३ हे रेल प्रेशर सेन्सरच्या सिग्नलचं व्होल्टेज फार कमी किंवा फार जास्त असल्याचे कोड. ते वायरिंगचे. पी-००८७ आणि पी-०२९९ म्हणजे सेन्सर बहुधा खरं सांगतोय, प्रेशर किंवा बूस्टच मिळत नाही.

वायरिंगचा कोड असेल तर मल्टीमीटर घ्या. प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरला बहुधा तीन वायर असतात: पाच व्होल्ट, सेन्सरची अर्थ आणि सिग्नल. हवेचं तापमानही त्यातच मोजणारा असेल तर चौथी वायर असते. कपलर काढा, चावी ऑन करा, इंजिन बंदच ठेवा. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला लावून कपलरच्या पिना मोजा. एका पिनवर ४.९ ते ५.१ व्होल्ट यायलाच हवेत. दुसरी अर्थची पिन. ती ओहमवर मोजून चालत नाही, कारण वीस धाग्यांपैकी एक धागा शिल्लक असला तरी मीटर शून्य दाखवतो. कपलर परत लावून, मागच्या बाजूने टाचणी सरकवून, अर्थची वायर आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यातला व्होल्ट मोजा. ०.१ च्या आत हवा. ०.३ निघाला तर सेन्सर जे सांगतो त्यात तेवढी चूक मिसळून ईसीयूला जाते. मग सिग्नल: रेल सेन्सरवर इंजिन बंद असताना साधारण ०.५ व्होल्ट, आयडलला एकच्या आसपास किंवा थोडा वर, रेस दिली की चढत जाणार. हे मोजत असताना वायरिंग हाताने हलवत राहा, इंजिनावर ती जिथे वळते तिथे विशेष. आकडा उडी मारतो तिथे तुटलेली वायर आहे. वायरच्या कव्हरला सुई टोचून मोजू नका. त्या छिद्रातून पावसाळ्यात पाणी जातं आणि वर्षाने आतलं तांबं हिरवं होतं.

पाच व्होल्टच्या पिनवर पाच मिळालेच नाहीत, एक-दोन व्होल्ट मिळाले, तर घाबरून ईसीयू दुरुस्तीला देऊ नका. एकाच पाच व्होल्टवर ईसीयू दोन-तीन सेन्सर चालवतो. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की बाकीच्यांचंही व्होल्टेज पडतं आणि एकदम चार-पाच कोड येतात, त्यात पी-०६४२ (पाच व्होल्ट कमी पडल्याचा) ही असतो. चावी ऑन ठेवून सेन्सरचे कपलर एकेक करून काढा. ज्याचा कपलर निघाल्यावर मीटर परत पाचवर जातो, तो गुन्हेगार. सगळे काढूनही पाच येत नसतील तर वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकली आहे. गोठ्याच्या शेडमध्ये किंवा गुदामात उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायरिंग आधी शोधा. ते बहुधा ईसीयूच्या कपलरपाशी किंवा इंजिनावरच्या उबदार कोपऱ्यात घर करतात.

बूस्ट सेन्सर तपासायची एक फुकट युक्ती आहे. चावी ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर बूस्टचं रीडिंग बघा. टर्बो फिरत नाही म्हणजे तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवणार. समुद्रसपाटीला हा आकडा १०१ किलोपास्कल. छत्रपती संभाजीनगर सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, तिथे ९४-९५ च्या आसपास यायला हवा. नांदेड सखल, तिथे थोडा जास्त, ९६-९७. गाडी उभी असताना १२० किंवा ७० दाखवत असेल तर तो खोटं बोलतोय, पण बदलण्याआधी काढून त्याचं तोंड बघा. काजळी आणि ऑईलचा लगदा बसलेला असतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने हलक्या हाताने स्वच्छ करा, आत काडी घालू नका.

कुलंटच्या सेन्सरसाठी रात्रभर उभी गाडी सकाळी स्कॅन करा. कुलंट, आत येणारी हवा आणि डिझेल यांची तापमानं जवळजवळ सारखी, चार-पाच अंशांच्या आत असली पाहिजेत. एकच वेगळं निघालं तर तो सेन्सर किंवा त्याची वायर. कपलर काढल्यावर स्कॅनरवर उणे ४० आणि कपलरच्या दोन पिना तारेने जोडल्यावर १२० च्या वर गेलं, तर वायरिंग आणि ईसीयू दोन्ही ठीक, सेन्सर खराब. (काही ईसीयू कपलर काढताच स्वतःचा ठरलेला आकडा दाखवतात, तिथे ही युक्ती चालत नाही.) बहुतेक गाड्यांतल्या अशा सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंशाला अडीच हजार ओहमच्या आसपास, ४० ला बाराशेच्या जवळ आणि ८० ला सव्वातीनशेच्या आसपास असतो. मात्र सेन्सर खरं सांगत असेल आणि इंजिन खरंच तापत असेल, तर ईसीयू जाणूनबुजून डिझेल कमी करतो. एप्रिल-मे मधल्या ४२ अंशांत, रेडिएटरच्या जाळीत कापसाची रुई आणि सोयाबीनचा भुसा अडकलेला असताना हे हमखास होतं. इंजिनच्या बाजूने पाणी मारून तो बाहेर काढा, आणि पाणी मारताना कपलर प्लॅस्टिकने झाका.

पॅडलच्या सेन्सरमध्ये दोन ट्रॅक (दोन वेगळे सिग्नल) असतात, बहुतेक गाड्यांत दुसऱ्याचं व्होल्टेज पहिल्याच्या निम्मं. पॅडल सोडलेलं असताना पहिल्यावर ०.७५ असेल तर दुसऱ्यावर ०.३७ च्या जवळ. हळूहळू दाबत दोन्ही बघा. कुठेही हे प्रमाण बिघडलं की पी-२१३८ येतो आणि रेस दिली तरी इंजिन ठराविक आरपीएमच्या वर जात नाही. गाडीत बाहेरून बसवलेला स्पीड गव्हर्नर असेल तर त्याच्या वायरी बहुधा याच दोन सिग्नलमध्ये जोडलेल्या असतात. टेप गुंडाळून केलेले ते जोड आधी सोडून नीट सोल्डर करा. ब्रेकचा स्विचही बघा. पाय उचलल्यावरही ईसीयूला ब्रेक दाबलेला दिसत असेल तर काही गाड्यांत तो रेस ऐकत नाही. मागचा ब्रेक लाईट कायम लागलेला दिसला तर दोष तिथेच आहे.

ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारा) काजळीने उघडा अडकला तरी काळा धूर आणि खालच्या आरपीएमला मंदपणा येतो. व्हॉल्व्ह उतरवून साफ करा, जोडताना नवं पॅकिंग टाका. पत्रा लावून ईजीआर बंद करायचा सल्ला मिळेल. तो ऐकला तर पीयूसी आणि कोड दोन्हींचा त्रास मागे लागतो.

चालता-चालता इंजिन बंद पडतं आणि थंड झाल्यावर चालू होतं, हा क्रँक सेन्सरचा (इंजिनचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरचा) नेहमीचा नमुना. गरम असताना सेल्फ मारा आणि स्कॅनरवर आरपीएम बघा. सेल्फ फिरतोय आणि आकडा शून्यच, तर सेन्सर, त्याची वायर किंवा टोकाला चिकटलेला लोखंडी भुगा.

कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढा, आणि कोड आला त्या क्षणीची आरपीएम, प्रेशर, तापमान ही नोंद स्कॅनर दाखवत असेल तर तिचाही. पुसल्यावर ती परत मिळत नाही. दुरुस्ती झाल्यावर गाडी भरून त्याच चढावर न्या आणि मागितलेलं-मिळालेलं प्रेशर परत बघा. पंप किंवा इंजेक्टर डिझेल लॅबला द्यायची वेळ आलीच, तर बरोबर एक कागद द्या: आयडलचं आणि भाराचं रेल प्रेशर, सेल्फ मारतानाचं प्रेशर, चारही बाटल्यांतलं रिटर्न, उभ्या गाडीतलं आणि चढावरचं बूस्ट. हा कागद पाहिल्यावर चारही इंजेक्टर बदला असं सहसा कोणी सांगत नाही.